मागणारे घरमालक

ऑस्ट्रेलियात ज्याच्याकडे आमच्या घरमालकांनी मराठी शाळेसाठी काहीतरी मागितलेलं नाही, असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आणि जन्मलाच तर त्याच्या बारशाला पावतीपुस्तक घेऊन सगळ्यात आधी तेच हजर होतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंडात कापसाचे बोळे असताना, त्यांना मागताना मी स्वतः पाहिलं आहे. एक शब्द कळत नव्हता, तरी डॉक्टरने शाळेतल्या मुलांसाठी टूथब्रशचा खोका काढून दिला. स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं म्हणून आलेला प्लंबर सिंकखाली उताणा पडलेला, म्हणजे पळून जाणं ज्याला शक्यच नाही अशा अवस्थेत, त्याच्याकडून शाळेच्या हॉलमधला गळका नळ फुकट दुरुस्त करण्याचं वचन त्यांनी घेतलं होतं. एका ओळखीच्या गृहस्थांच्या मातीला गेले, ते परत येताना दोन घडीच्या खुर्च्या आणि एक फळा घेऊन आले. काकी, म्हणजे त्यांची बायको, दारातच म्हणाली, "अहो, निदान त्यांच्यावरची माती तरी वाळू द्यायची होती." त्यावर हे अगदी निरागसपणे म्हणाले, "मी कुठे मागितलं? मी फक्त विचारलं की त्यांच्या गॅरेजचं आता काय करणार."

मागण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते गुडघ्यापासून सुरू व्हायचं. समोरचा माणूस कोणीही असो, गोरा, काळा, नगरसेवक नाहीतर पिझ्झा पोचवणारा, पहिला प्रश्न गुडघ्याचा. "चाळिशीनंतर प्रत्येकाला गुडघा असतो, बाबा," ते मला समजावून सांगायचे. "गुडघ्याची चौकशी केली की माणूस बसतो. बसला की बोलतो. आणि स्वतः बोलून झालं की त्याला वाटतं, आता ह्याचंही ऐकून घ्यावं." मग शाळेचा विषय निघायचा, तोही असा, की जणू समोरच्यानेच काढला. मोठी रक्कम ते कधी मागत नसत. खडू, चटया, चहाची किटली, जुना प्रिंटर, एखाद्या रविवारची दुपार, असं काहीतरी मागायचे. देणाऱ्याला देताना थोडी लाज वाटली पाहिजे, म्हणजे तो आपण होऊन वाढवून देतो, असं त्यांचं म्हणणं.

वसईजवळच्या एका गावातून ते तरुणपणी मेलबर्नला आले, ट्रामच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झाले आणि डँडेनॉन्गला एका जुन्या विटांच्या घरात राहत होते. त्या घराच्या मागच्या अंगणात दोन खोल्यांची वेगळी जागा होती. तिथे आम्ही तिघं भाड्याने आलो: मी, माझी बायको आणि सात वर्षांची सई. बायको नर्स, व्हिसा तिच्या शिक्षणावर मिळालेला. माझं शिक्षण नववीपर्यंत. नववी सुटली आणि इचलकरंजीत वडिलांच्या शेजारी मागावर उभा राहिलो, तो इथे येऊन गोठवलेल्या भाज्यांच्या फॅक्टरीत पॅकिंगला लागलो. जागा बघायला जायचो तिथे लोक आधी माझी पगाराची स्लिप मागायचे आणि ती वाचून झाली की चेहरा पाडायचे. ह्यांनी स्लिपकडे बघितलंसुद्धा नाही. सईकडे बोट करून विचारलं, "हिला मराठी वाचता येतं का?" मी घाबरत म्हणालो, "बोलते थोडं. वाचता नाही येत." "मग रविवारी सकाळी शाळेत आणायची. आणि तू खुर्च्या मांडायच्या. जागा तुमची." काकी मागून म्हणाली, "अहो, भाडं तरी सांगा त्यांना." तेव्हा कुठे त्यांना भाड्याची आठवण झाली.

ही शाळा म्हणजे एका लॉन बोल्सच्या क्लबचा हॉल. हिरवळीवर जड गोळे सावकाश घरंगळवत नेण्याचा म्हाताऱ्या लोकांचा हा खेळ. त्या हॉलच्या भिंतींवर पन्नास-साठ वर्षांतल्या विजेत्यांचे पांढऱ्या टोप्यांतले फोटो, आणि त्यांच्या नजरेखाली आमची पोरं अ अननसाचा म्हणायची. घरमालक शाळेचे खजिनदार. शिकवायला आयांची एक फळी होती, वर पुण्याकडच्या आयटीवाल्यांची कमिटी होती, आणि कमिटीत सगळ्यांत तरुण होते ते अध्यक्ष. पण हॉलचं भाडं, विमा, पुस्तकं, चहा-बिस्किटं यांचा जमाखर्च कुठून तरी जुळवायचं काम ह्या एका माणसाचं. सरकारकडून मुलामागे थोडं अनुदान यायचं, त्यात विमासुद्धा पुरता भागत नसे. बाकीचं गुडघ्यांवर चालायचं.

मला त्या शाळेची गरज का होती, तेही सांगायला हवं. माझे आबा, म्हणजे वडील, जन्मभर मागांच्या खडखडाटात उभे राहिले आणि त्यात त्यांचे कान गेले. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही. समोर असलं तर ओठांकडे बघून समजून घेतात. पण लिहिलेलं मराठी मात्र अक्षर न् अक्षर वाचतात; कळायला लागल्यापासून रोजचा पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचत आलेले आहेत. म्हणजे सईला आजोबांशी बोलायचं असेल तर एकच वाट होती, मराठीत लिहायचं. मी तिला शिकवलं असतं, पण माझं लिहिणं असं की माझ्या मेसेजला आबा उत्तराऐवजी दुरुस्ती पाठवतात. तेव्हा रविवारची ती शाळा राहिली तर आजा-नात बोलणार, आणि गेली तर व्हिडिओवर एकमेकांना नुसते हात हलवणार. एवढी साधी गोष्ट होती.

आणि मग साथ आली. शाळा झूमवर गेली. पोरं पहिले दोन रविवार उत्साहाने बसली, मग कॅमेरे बंद होऊ लागले. बाई विचारायच्या, "क कमळाचा, मग ख कशाचा?" आणि काळ्या चौकोनांतून कुणाच्या तरी घरच्या मिक्सरचा आवाज यायचा. सई टेबलाखाली जाऊन बसायची आणि ओढून काढली की म्हणायची, "Baba, my eyes are tired." थकले होते सगळ्यांचेच. दिवसभर शाळा स्क्रीनवर, ऑफिस स्क्रीनवर, त्यात रविवारी पुन्हा तेच. मुलं गळत गेली, तसं अनुदान आटत गेलं. बोल्स क्लबच्या सेक्रेटरीने सभ्य शब्दांत कळवलं, की हॉल बंद असला तरी त्यांचे खर्च चालू आहेत. टर्म संपेपर्यंत काही भाडं आलं नाही तर रविवारची वेळ एका डान्स क्लासला द्यावी लागेल. विम्याची तारीखही जवळ आली होती. अध्यक्षांनी झूमवर मीटिंग घेतली आणि म्हणाले, "लेट्स बी प्रॅक्टिकल. सध्या पॉज करू. नंतर बघू." घरमालक एवढंच म्हणाले, "पॉज केलेलं परत चालू करायला बटण कुठे असतं, तेवढं मला दाखवून ठेव."

त्या दिवसांत मी सतत धास्तीत असायचो. बायको वृद्धाश्रमात कामाला, आणि बातम्यांत रोज वृद्धाश्रमांचीच नावं. तिच्याबरोबरच्या दोघींना त्यांच्या घरमालकांनी जागा सोडायला सांगितलं होतं. आमच्या घरमालकांचं वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी घसा खाकरला तरी मला वाटायचं, आता सांगणार. एका दुपारी त्यांनी मला अंगणात बोलावलं, स्वतः बाकाच्या एका टोकाला बसले, मला दुसऱ्या टोकाला बसवलं आणि बराच वेळ गंभीर चेहऱ्याने लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले. बायकोला काय सांगायचं, सामान कुठे न्यायचं, इथपर्यंत मी मनात पोचलो होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "तुझ्या फॅक्टरीचा मालक कसा आहे रे? गुडघेबिडघे?"

मी म्हणालो, "काका, मालकाला मी कधी पाहिलेलं नाही. मला सुपरवायझरची फक्त पाठ माहीत आहे."

"मग पाठीपासून सुरू कर," ते म्हणाले.

आम्हाला जागा सोडायला सांगायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजूच्या फाटकाचं जुनं गंजकं कुलूप काढून टाकलं, तिथल्या बाहेरच्या नळाखाली पाट ठेवला, साबण ठेवला आणि सांगितलं, "सिस्टर इकडून येईल, इकडून जाईल. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा." बायकोला ते पहिल्यापासून सिस्टर म्हणायचे. ती ड्यूटीवरून आली की काकी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "सिस्टर, डबा पायरीवर ठेवलाय, गार व्हायच्या आत घे गं!" त्या दोन माणसांचे उपकार कसे फेडायचे हे मला कळत नव्हतं आणि अजूनही कळलेलं नाही. म्हणून मी त्यांना फोनचं जे काही येत होतं ते करून द्यायचो आणि मास्क लावून त्यांच्याबरोबर फिरायला जायचो.

असंच फिरताना एकदा बागेजवळ पोलिसाने हटकलं. फिरायला एक तासाची मुभा होती आणि आमचा तास केव्हाच होऊन गेलेला. मी घामाघूम, दंड, व्हिसा, तुरुंग, सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं. ह्यांनी मात्र दीड मीटर अंतर ठेवून पोलिसाला विचारलं, "ऑल डे स्टँडिंग, सन? हाऊ आर द नीज?" पोलिस आधी गोंधळला, मग हसला, मग म्हणाला, डावा दुखतो. पाच मिनिटांत कळलं, की त्याची आई ग्रीक, लहानपणी तो दर शनिवारी ग्रीक शाळेत रडत जायचा आणि आता आईशी बोलताना तिचे आभार मानतो. जाताना त्यानेच सांगितलं, की कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, छोट्या संस्थांसाठी मदतीचा निधी निघाला आहे, अर्ज करा, आणि नाऊ गो होम, मेट. दंड नाहीच, वर निधीचा पत्ता! घरी येईपर्यंत काका तरुण माणसासारखे चालत होते.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. आमच्या दोघांपेक्षा सईचं इंग्रजी बरं, म्हणून ती अंगणातल्या टेबलावर टाइप करायला बसली आणि हे सांगू लागले. एका रकान्यात विचारलं होतं, की तुमच्या उपक्रमाचा इतर समाजाला काय लाभ? हे म्हणाले, "लिही. आमची मुलं हॉलमध्ये असतात तेवढा वेळ इतर समाजाला शांतता मिळते." मी म्हणालो, "काका, हे नको." "खरं आहे ते." "खरं असलं तरी नको." पण खरी गंमत पुढेच होती. मुलांची संख्या, हॉलचे तास, खुर्च्या, पुस्तकं, प्रत्येक आकडा त्यांनी दुप्पट सांगितला. सई म्हणाली, "But that's not true." ते तिला म्हणाले, "अगं, मागायचं दुप्पट. साहेब अर्धं कापतो. म्हणजे बरोबर येतं. तिकडे लग्नाच्या खर्चापासून रस्त्याच्या टेंडरपर्यंत सगळं असंच चालतं." मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही कबूल करतो. इचलकरंजीत मालकाकडे उचल मागताना आम्हीही तसंच करायचो. आणि मालक कापायचाच.

पंधरवड्याने कौन्सिलच्या बाईंचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला आणि गुडघ्यांची चौकशी केली. बाई म्हणाल्या, गुडघे उत्तम, थँक यू, पण तुमच्या अर्जाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही लिहिलेली मुलं त्या हॉलमध्ये मावतच नाहीत. एवढ्या मुलांसाठी आगीच्या वेळी बाहेर पडायचे जादा दरवाजे लागतात, सुरक्षेचा आराखडा लागतो, आणि सध्याच्या अंतराच्या नियमात तर एवढी मुलं बसवायला अख्खं मैदान लागेल. म्हणून अर्ज बाद झाला आहे. पुढची फेरी पुढच्या वर्षी.

काका म्हणाले, "मॅडम, पण मी दुप्पट लिहिलं, कारण तुम्ही अर्धं कापणार."

मग बाईंनी अगदी मनापासून, जराही टोमणा न मारता विचारलं, "पण आम्ही अर्धं का कापू?"

हा प्रश्न काकांना आयुष्यात कुणी विचारलाच नव्हता. फोन ठेवून ते बाकावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. काकी बाहेर आली आणि चहाचा कप त्यांच्या बाजूला ठेवून गेली. ते मला म्हणाले, "लोक विचारतात, तुम्हाला मागायची लाज नाही वाटत? वाटते रे. रोज वाटते. डायल केला की घंटा वाजेपर्यंत वाटत राहते." मग म्हणाले, "माझी दोन्ही पोरं माझ्याशी इंग्रजीत भांडतात. मी प्रत्येक भांडण हरतो. मराठीत भांडली असती तर एखादं तरी जिंकलो असतो." मी हसलो, कारण ते हसावं म्हणूनच बोलले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचं वय दिसलं.

टर्म संपायला थोडे दिवस राहिले असताना मला गॅरेजमधून त्यांची हाक आली. आत गेलो तर समोर एक भोपळा. उन्हाळ्याच्या शेवटी परसातल्या वेलावरून उतरवलेला, एका माणसाला नीट उचलता येऊ नये एवढा. "ह्याचा लिलाव करायचा," ते म्हणाले. त्यांच्या गावी सणाला लोक शेतातलं पहिलं काहीतरी चर्चला वाहतात. केळ्यांचा लोंगर, कोंबडा, दुधी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, झाली की आवारातच त्याचा लिलाव. बाजारात ज्याला कुणी ढुंकून बघणार नाही त्या दुधीला गावकरी ईर्ष्येने बोली लावतात, आणि घेणारा पुष्कळदा म्हणतो, परत वाहिला, पुन्हा बोला. मला ते ऐकून आमच्या पेठेतल्या गणपतीसमोरचा नारळाचा लिलाव आठवला. मी म्हणालो, "काका, पण झूमवर?" ते म्हणाले, "मिस्सा झूमवर चालते, तर भोपळा का नाही?"

रविवारी दुपारी शाळेतल्या सगळ्या आईवडिलांना लिंक गेली. अंगणात भोपळा खुर्चीवर, त्याच्या गळ्यात काकीने केलेला शेवंतीचा हार, बाजूला सूट घातलेले घरमालक, आणि हातोड्याच्या जागी लाटणं घेऊन काकी. लॅपटॉप मी धरला होता. अध्यक्ष अवघडून म्हणाले, "काका, धिस इज अ पम्पकिन."

"हो. आणि तू अध्यक्ष. चल, बोल."

"पण हे लीगल आहे का?"

"अहो अध्यक्ष, बोली लावा, नाहीतर म्यूट व्हा!" कुठल्या तरी चौकोनातून कुणाचे तरी बाबा ओरडले, आणि इतके महिने काळे राहिलेले चौकोन एकेक करून उजळू लागले. पन्नास डॉलर. साठ. "साठ? अहो, एवढ्यात तर भोपळ्याचा डब्यातला गर येतो!" ऐंशी. कुणाची तरी आजी मध्येच, "आतून पिवळा आहे का केशरी, ते आधी दाखवा." "आजी, कापला तर लिलाव कशाचा करू?" शेवटी वेरीबीच्या एका जोडप्याला भोपळा गेला, काकीने लाटणं आपटलं, टाळ्या झाल्या. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी आहे. वेरीबी कुठे, डँडेनॉन्ग कुठे! जोडपं म्हणालं, "राहू दे काका, परत लावा." परत लावला. क्रेगीबर्नला गेला. तेही पाच किलोमीटरच्या बाहेर. "परत लावा!" मग ते एक खेळच झालं. जो जिंकेल तो पैसे भरून भोपळा परत वाहणार, दुसऱ्या गटाला शिकवणाऱ्या बाई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली, सई टेबलाखालून बाहेर आली आणि "Go, go, go!" करत माझ्या खांद्यावर चढली. कितीतरी महिन्यांनी माणसं एकमेकांच्या तोंडावर हसत होती. मीही त्या भरात, वर कोणीतरी जाईलच या भरवशावर, एक बोली लावली. आणि कोणीच वर गेलं नाही. काका घाईघाईने "एक-दोन-तीन" म्हणाले, काकीने लाटणं आपटलं, आणि पाच किलोमीटरच्या आतलं एकमेव गिऱ्हाईक म्हणून भोपळा मला मिळाला. पुढचा आठवडा आमच्या घरात घारगे, भरीत, भाजी आणि सूप यांखेरीज काही शिजलं नाही. सिस्टरने वृद्धाश्रमातसुद्धा घारगे वाटले.

त्या पैशात क्लबचं भाडं गेलं आणि विमाही भरला. अध्यक्ष म्हणाले, "काका, यू आर अ लेजंड." काका म्हणाले, "लेजंड राहू दे. पुढच्या रविवारी पोरांना कॅमेरा चालू ठेवायला सांग." लॉकडाऊन उठल्यावर आम्ही हॉलमध्ये परतलो, तेव्हा पूर्वीच्या निम्मीच मुलं आली होती. पण ती आली होती. मी खुर्च्या लांब लांब मांडल्या. सई त्या वर्षी जोडाक्षरांपर्यंत पोचली आणि आबांना रोज एक ओळ पाठवू लागली. कधी "आज पाउस", कधी "मला दात पडला". आबा तिचीही दुरुस्ती पाठवायचे, पण खाली एक गोष्टही जोडायचे.

पुढच्या वर्षी इथे शाळा भरत होती आणि तिकडे दुसरी लाट आली. आबांना कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. त्यांच्याजवळ राहणाऱ्या माझ्या भावाला आत जाऊ देत नव्हते. आणि आबांची पंचाईत अशी, की आजूबाजूचा प्रत्येक जण मास्क लावलेला. ओठ दिसत नाहीत, म्हणजे त्यांच्या लेखी अख्खा दवाखाना मुका. डॉक्टर काय सांगतात कळेना, घाबरून ऑक्सिजनची नळी काढून टाकायचे. विमानं बंद, मी इथे. भावाने वॉर्डातल्या एका बाईंच्या हाती त्यांचा फोन आत पाठवला. सईने लिहिलं, "आबा, मी सई. नळी काढू नका. ती हवा आहे." उत्तर आलं, "बरं." मग रोज डॉक्टर भावाला सांगायचे, भाऊ मला सांगायचा, मी सईला सांगायचो, आणि सई लिहायची. पालथं झोपा. पाणी प्या. उद्या सुई आहे, लहान आहे. तिच्या चुकतमाकत लिहिलेल्या ओळींवर आबांनी ते दिवस काढले. आणि घरी आले.

त्याच सुमाराला कौन्सिलच्या निधीची नवी फेरी निघाली होती. ह्या वेळी काकांनी आकडे अगदी खरे भरले होते, पण शेवटच्या रकान्यात एका पालकाची खरी गोष्ट हवी होती: शाळेमुळे तुमच्या घरात काय बदललं? काका आठवडाभर सगळ्यांकडे गोष्टी मागत होते. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी ह्या माणसाला न मागता काही द्यावं. बाकावर बसून मी त्यांना आबांचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "काका, हे लिहा. मंजूर होईल." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले. मग मान हलवली. "नको."

"का? खरं आहे सगळं."

"खरं आहे म्हणूनच. ते तुमच्या घरातलं आहे. ते दाखवून मी पैसे मागणार नाही. दुसरं काहीतरी लिहीन." मग म्हणाले, "सईला बोलाव जरा. आबांना माझा एक निरोप लिहायचाय."

सई फोन घेऊन आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली. काका एकेक शब्द सांगत गेले आणि ती लिहीत गेली: घरी आलात, बरं वाटलं. घाई करू नका. सावकाश चाला. "सावकाश" तिने दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा जमलं. मग अंगठा स्क्रीनवर तसाच धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत काकांचं बोलणं इथे, मागण्याच्या आधीच, संपलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"Is that all?"

"हो गं. एवढंच. पाठव."

तिने पाठवलं. इथे ऊन उतरत आलं होतं, तिकडे अजून सकाळच होती. उत्तर यायला वेळ लागत होता, आणि आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो.